सुट्टीत सांगलीला आलेल्या लहान मुलाला खरूज झाली तर काय करावे

परदेशात राहणारी आणि सुट्टीसाठी सांगली, मिरज किंवा तासगाव-पलूसकडच्या घरी आलेली जोडपी पहिल्यांदाच लहान मुलाला घेऊन येतात, आणि आठ-पंधरा दिवसांत ते मूल रात्रभर अंग खाजवू लागते, तेव्हा नेमके काय आणि कोणत्या क्रमाने करावे हे सांगण्यासाठी हा लेख आहे. तिकडे ठरलेला डॉक्टर असतो, विमा असतो, फोनवर सल्ला देणारी नर्स असते. इथे आजी कडुनिंबाचा पाला उकळायला ठेवते, आत्या अंघोळीच्या पाण्यात डेटॉल घालायला सांगते, शेजारचे काका मेडिकलमधून आपल्या नेहमीच्या मलमाची ट्यूब आणून हातावर ठेवतात, आणि परतीचे तिकीट तर जवळ आलेले असते.

खरूज औषधाने पूर्ण बरी होते आणि ते औषध सांगलीत सहज मिळते. अडचण वेगळीच आहे. घरातल्या प्रत्येकाने, खाज असो वा नसो, एकाच रात्री औषध लावायचे असते, आणि पाहुण्यारावळ्यांनी भरलेल्या घरात ही एक रात्र जमवून आणणे हेच खरे काम असते.

आधी खरूजच आहे ना, ते पाहावे

सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उन्हात थंड देशातून आलेल्या मुलाच्या अंगावर काहीतरी उठणारच, त्यामुळे प्रत्येक पुरळ म्हणजे खरूज असे धरून चालू नये. घामोळे मानेवर, पाठीवर, छातीवर येते आणि पंख्याखाली, गार पाण्याच्या अंघोळीने बसते. डास चावल्याचे फोड उघड्या हातापायांवर असतात. गजकर्णाला गोल कडा असते आणि मधली त्वचा त्यामानाने मोकळी दिसते. कांजिण्यांत बहुधा ताप असतो, पाण्याने भरलेले फोड येतात आणि जुन्या फोडांवर खपली धरत असताना शेजारी नवे उठत राहतात. कांजिण्यांची शंका आली तर हा लेख बाजूला ठेवून थेट डॉक्टरांकडे जावे आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला मुलापासून दूर ठेवावे, कारण त्या हवेतूनही पसरतात आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत विमानप्रवासही करता येत नाही.

खरजेची खूण म्हणजे रात्री वाढणारी खाज. दिवसा खेळणारे मूल झोपताना आणि मध्यरात्री बेचैन होते, आणि बहुतेक वेळा त्याला घेऊन झोपणाऱ्या आईलाही मनगटाशी किंवा कमरेशी खाज सुरू झालेली असते. मोठ्यांमध्ये बोटांच्या बेचक्या, मनगटे, कोपरे, काखा, कंबरपट्टा आणि जननेंद्रियांचा भाग या नेहमीच्या जागा आहेत. तान्ह्या आणि अगदी लहान मुलांमध्ये मात्र तळहात, तळपाय, मान, डोके आणि चेहऱ्यावरही पुरळ येऊ शकते, तसेच काखेत किंवा जांघेत लालसर गाठी दिसतात. हा फरक लक्षात ठेवावा, कारण औषध कुठे लावायचे हे त्यावर ठरते.

मोबाईलच्या टॉर्चच्या प्रकाशात तळहात आणि बेचक्या नीट पाहिल्या तर कधीकधी काही मिलिमीटर लांबीची, वाकडीतिकडी, करड्या रंगाची बारीक रेघ दिसते. खरजेच्या किडीची मादी त्वचेच्या अगदी वरच्या थरात बोगदा खणते, त्याची ती रेघ असते. संशयित जागेवर शाईच्या पेनाने हलकेच शाई चोळून ओल्या कापसाने पुसली तर बोगद्यात शिरलेली शाई काळ्या रेघेसारखी मागे राहते. डॉक्टर ही जुनी युक्ती अजूनही वापरतात. रेघ दिसली नाही म्हणून खरूज नाही असे मात्र ठरत नाही. मादी अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही लहान असते, ती दिवसाला दोन-तीन अंडी घालते, आणि नेहमीच्या खरजेत माणसाच्या सगळ्या अंगावर मिळून साधारण दहा-पंधराच किडे असतात. एवढ्याशा किड्यांनी सगळे अंग खाजते, कारण ती खाज चावण्याची नसून किडा, त्याची अंडी आणि विष्ठा यांना शरीराने दिलेल्या ॲलर्जीची असते.

ही ॲलर्जी तयार व्हायला वेळ लागतो. पहिल्यांदाच लागण झालेल्या माणसाला खाज सुटायला साधारण दोन ते सहा आठवडे जातात, आणि पूर्वी खरूज होऊन गेलेल्याला मात्र एक ते चार दिवसांतच खाज येते. मूल येऊन दहा दिवसच झाले असतील आणि त्याची ही पहिलीच खरूज असेल, तर लागण बहुधा तिकडच्या पाळणाघरातून सोबत आलेली आहे. उलट तिकडे परत गेल्यावर महिन्याने खाज सुरू झाली, तर इथे चुलतभावंडांच्या शेजारी घातलेले अंथरूण आठवून पाहावे. "इथले पाणी लागले" आणि "तिकडून घेऊन आले" ही दोन्ही वाक्ये घरात ऐकू येतातच, पण दोन्हीकडच्या लोकांना कळवण्याखेरीज या हिशेबाचा काही उपयोग नाही. खरूज युरोपातही भरपूर आहे. 2023 साली ब्रिटनमध्ये तिच्या औषधांचा तुटवडा पडला होता.

डॉक्टरांकडे जाताना

घराजवळचे बालरोगतज्ज्ञ किंवा कातडीचे डॉक्टर ही पहिली जागा. ओळखीचे कोणी नसेल तर सांगलीचे शासकीय रुग्णालय, ज्याला सगळे सिव्हिल म्हणतात, किंवा मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय इथे सकाळी लवकर जाऊन केस पेपर काढावा. मुलाचे वजन किलोमध्ये माहीत असावे, कारण अमेरिकेतून आलेल्या पालकांना ते पौंडांतच आठवते आणि इथली औषधे किलोवर मोजून दिली जातात. लसीकरणाची नोंद, औषधांची ॲलर्जी आणि घरात एकूण किती माणसे आहेत, त्यांची वये काय, कोणी गरोदर आहे का, ही माहिती कागदावर लिहून न्यावी. शक्य असेल तर आई किंवा आजी, ज्यांना खाज आहे त्यांनाही सोबत न्यावे, म्हणजे निदान सोपे होते.

दोन महिन्यांवरील मुलांसाठी नेहमी दिले जाणारे औषध म्हणजे 5 टक्के परमेथ्रिन क्रीम. त्याहून लहान बाळाला डॉक्टर सहसा गंधकाचे मलम देतात. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या मोठ्यांना दिल्या जातात, पण 15 किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना आणि गरोदर स्त्रियांना त्या सहसा देत नाहीत, म्हणून मोठ्या माणसाच्या गोळीचा तुकडा मुलाला देण्याचा विचारही करू नये.

चिठ्ठीवर कंपनीच्या नावाबरोबर औषधाचे मूळ नाव आणि टक्केवारी लिहून घ्यावी, कारण इथले ब्रँड तिकडच्या डॉक्टरांना ओळखता येत नाहीत. प्रवास विमा असेल तर चिठ्ठी, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि मेडिकलची पक्की बिले जपून ठेवावीत.

काय लावू नये

घरच्या माणसांचा मान राखूनही इथे ठाम राहावे लागते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली, बुरशीचे औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड एकत्र असलेली ट्यूब हा सर्वांत मोठा धोका आहे. ट्यूबवर क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असे नाव दिसले तर ती ठेवून द्यावी. स्टेरॉइडने खाज दोन दिवस शमते, पुरळाचे रूप बदलते, डॉक्टरांना निदान अवघड होते, आणि किडे मात्र आतल्या आत वाढत राहतात. त्वचेवर लावायची अनेक स्टेरॉइड 2018 सालीच चिठ्ठीशिवाय विकू नयेत अशा औषधांच्या यादीत घालण्यात आली, पण ती मागितली की मिळतात हे सांगलीत कोणालाही सांगावे लागत नाही.

गॅमा बेंझीन हेक्झाक्लोराइड हे जुने लोशन अजून काही घरांच्या कपाटात असते. ते मेंदूवर परिणाम करू शकते आणि त्याने झटके येऊ शकतात, म्हणून लहान मुलांना ते लावू नये. तीच गोष्ट खोबरेल तेलात विरघळवलेल्या कापराची. आजी अगदी मायेने तो लावायला निघते, पण कापूर त्वचेतून, विशेषतः खाजवून सोललेल्या त्वचेतून, शरीरात शिरतो आणि लहान मुलांना त्यानेही झटके येऊ शकतात. कडुनिंबाच्या पाण्याने अंघोळ घातल्याने फारसे बिघडत नाही, पण खरूज जात नाही, आणि कडुनिंबाचे तेल मुलाच्या पोटात मुळीच जाऊ देऊ नये. डेटॉलने सोललेली त्वचा आणखी झोंबते. परमेथ्रिनचा साबण आणि उवांसाठीचे 1 टक्क्याचे लोशन 5 टक्के क्रीमची जागा घेऊ शकत नाहीत.

औषध लावण्याची रात्र

सगळ्यांना सोयीची होईल अशी रात्र ठरवावी. लग्न, वास्तुशांत किंवा महाबळेश्वरची सहल मध्ये येत असेल तर ती रात्र आधी उरकावी. घरात राहणारे सर्वजण, मुलाला रोज कडेवर घेणारी आत्या जवळच राहत असेल तर ती, मुलाबरोबर एका अंथरुणावर झोपलेली भावंडे, आणि मूल सांभाळायला येणाऱ्या मावशी, या सर्वांना त्याच रात्री औषध लागते. मावशींची ट्यूब आपण विकत घेऊन द्यावी आणि त्यांच्या घरी लहान मुले असतील तर त्यांचीही चौकशी करावी. त्यांना दोष देऊन कामावर येऊ नका म्हणणे अन्यायाचे आहे आणि त्याने खरूजही थांबत नाही.

औषध किती लागेल याचा हिशेब आधी करावा. मोठ्या माणसाला साधारण 30 ग्रॅमची एक ट्यूब, सहा ते बारा वर्षांच्या मुलाला अर्धी आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाला जेमतेम पाव ट्यूब लागते. आजी-आजोबा, काका-काकू, आई-वडील आणि दोन लहान मुले असे घर धरले तर एका वेळेला सात ट्यूब होतात, आणि आठवड्याने दुसरी वेळ असतेच. एका मेडिकलमध्ये एवढा साठा नसतो, म्हणून सकाळीच सांगून ठेवावे. पैसे वाचवण्यासाठी एक ट्यूब चौघांत वाटून घेतली की सगळीच मेहनत वाया जाते.

संध्याकाळी सगळ्यांची नखे अगदी बारीक कापावीत. गरम पाण्याने अंघोळ करून लगेच क्रीम लावू नये, कारण तापलेल्या त्वचेतून औषध जास्त आत शिरते. त्वचा कोरडी आणि गार असावी. मोठ्यांनी हनुवटीखालपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, एक बोटभरही जागा न सोडता, पातळ थर लावावा. बेंबी, बोटांच्या बेचक्या, नखांच्या कडा, कानामागची जागा, नितंबांची घडी, जननेंद्रिये, तळपाय या जागा हमखास राहून जातात. पाठीला एकमेकांनी लावावे. लहान मुलाला याशिवाय डोक्याची त्वचा, कपाळ, कान आणि गाल यांवरही लावावे लागते, फक्त डोळे आणि तोंडाभोवतीची जागा सोडावी. आजी-आजोबांच्या डोक्याला आणि चेहऱ्याला लावायचे का, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे. फक्त जिथे पुरळ आहे तिथे ठिपके लावणे ही इथली नेहमीची पद्धत आहे आणि बहुतेक घरांत औषध "लागू पडत नाही" ते याच कारणाने.

क्रीम अंगावर आठ ते चौदा तास राहिले पाहिजे. मूल बोटे चोखत असेल तर हातांत स्वच्छ सुती मोजे घालून ते मनगटाशी सैलसर बांधावेत. रात्री लंगोट किंवा डायपर बदलला, हात धुतले, तर त्या भागाला पुन्हा क्रीम लावावे. अंगावर पाजणाऱ्या आईने पाजण्यापूर्वी स्तनांवरचे औषध धुऊन टाकावे आणि नंतर पुन्हा लावावे. सकाळी सर्वांनी अंघोळ करून धुतलेले कपडे घालावेत. पहाटे अंघोळ, देवपूजा आणि मगच चहा असा आजोबांचा नेम असेल तर त्यांनी संध्याकाळी सातलाच क्रीम लावून घ्यावे, म्हणजे पहाटे पाचपर्यंत दहा तास भरतात आणि नेमही मोडत नाही.

सात ते चौदा दिवसांत, डॉक्टर सांगतील त्या दिवशी, हेच सगळे दुसऱ्यांदा करावे. पहिल्या वेळी वाचलेल्या अंड्यांतून निघालेली पिढी मोठी होऊन अंडी घालण्याआधीच मारणे हा त्यामागचा हेतू असतो. खाज कमी झाली म्हणून दुसरी वेळ टाळणारा एक जरी घरात निघाला तरी महिन्याने पुन्हा तोच खेळ सुरू होतो.

कपडे, गोधड्या आणि गाद्या

किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांहून जास्त जगत नाही, त्यामुळे मागच्या तीन दिवसांत वापरलेले कपडे, चादरी, अभ्रे, टॉवेल आणि दुपटी एवढीच धुवावी लागतात. सगळे घर धुऊन काढणे, भिंती पुसणे, कीटकनाशक फवारणे यांची गरज नाही, आणि फवारणी मुलासाठी वाईटच. सांगलीतल्या बहुतेक घरांत वॉशिंग मशीनला गार पाणीच जोडलेले असते, म्हणून बंबातले किंवा गीझरचे कडकडीत पाणी बादलीत घेऊन कपडे त्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवून ठेवावेत, मग नेहमीसारखे धुवावेत, गच्चीवर कडक उन्हात वाळवावेत आणि जमेल त्यांना इस्त्री करावी.

गोधड्यांचे काय, हा प्रश्न प्रत्येक घरात येतो. जुन्या नऊवारी लुगड्यांची, थरावर थर शिवलेली गोधडी उकळत्या पाण्यात घालता येत नाही आणि पावसाळ्यात ती आठवडाभर वाळतही नाही. ती मोठ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी, पिशवीचे तोंड घट्ट बांधावे आणि आठवडाभर माळ्यावर ठेवून द्यावी; माणसाच्या अंगाशिवाय किडे आपोआप मरतात. कापडी खेळणी, मुलाची आवडती बाहुली आणि लोकरीचे कपडे यांनाही हीच पिशवी. गादीवर धुतलेली चादर घातली की पुरे. दुसऱ्या वेळच्या औषधापर्यंत हॉलमध्ये रांगेने अंथरुणे घालून सगळ्या भावंडांनी एका पांघरुणात झोपणे बंद ठेवावे, मुलांना कितीही वाईट वाटले तरी. सलग दहा-वीस मिनिटे अंगाला अंग लागणे हाच लागण होण्याचा मुख्य मार्ग आहे. पाया पडणे, हातात हात घेणे किंवा एका ताटात जेवणे यांनी सहसा ती होत नाही. मळ्यातल्या कुत्र्याच्या खरजेची कीड वेगळी असते आणि ती माणसात वाढत नाही.

नातेवाइकांना कसे सांगावे

हे लपवण्याचा मोह होतो, कारण खरूज म्हणजे घाण असा समज पक्का आहे. रोज दोनदा अंघोळ करणाऱ्यालाही ती होते आणि किडा पाण्याने धुऊन जात नाही. सांगायचे कोणी, यालाही महत्त्व आहे. परदेशातून आलेल्या सुनेने सांगितले की ते "तिकडचे नखरे" ठरते, म्हणून मुलाच्या वडिलांनी किंवा शक्य झाल्यास आजीने स्वतः फोन करावा. फार समजावत बसू नये. "डॉक्टरांनी सांगितले आहे, बाळाबरोबर झोपलेल्या सगळ्यांनी एकदा औषध लावायचे आहे, ट्यूब आम्ही पाठवतो," एवढे पुरते. सोबत ट्यूब आणि कागदावर लिहिलेली वेळ गेली की बहुतेक घरे ऐकतात.

औषधानंतरची खाज

औषध लावल्यावरही खाज दोन ते चार आठवडे राहू शकते, कारण मेलेले किडे आणि त्यांचे अवशेष त्वचेच्या वरच्या थराबरोबर हळूहळू निघून जातात. या काळात घाबरून रोज क्रीम लावत राहिल्यास त्वचा कोरडी पडून आणखी खाजते. साधे मॉइश्चरायझर लावावे, सुती सैल कपडे घालावेत, अंघोळीला कोमट पाणी घ्यावे आणि खाजेसाठीचे सिरप डॉक्टरांनी वजनावर ठरवलेल्या मात्रेतच द्यावे. झोप आणणारी जुनी ॲलर्जीची सिरपे दोन वर्षांखालील मुलांना स्वतःच्या मनाने देऊ नयेत. नवे बोगदे, नव्या पुटकुळ्या दिसत राहिल्या किंवा महिन्यानंतरही खाज तशीच असली, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे.

परतीचा प्रवास

पहिल्यांदा औषध लावून झाल्यानंतरच्या दिवसापासून मूल सहसा संसर्गजन्य राहत नाही, त्यामुळे तिकीट रद्द करण्याची गरज क्वचितच पडते. दुसरी वेळ तिकडे गेल्यावर येत असेल तर क्रीम इथूनच न्यावे, कारण अमेरिकेसारख्या देशांत त्यासाठी चिठ्ठी लागते. 30 किंवा 60 ग्रॅमची ट्यूब हातातल्या सामानात चालते. तिकडच्या पाळणाघराला आधी कळवावे. ब्रिटनमध्ये पहिल्या उपचारानंतर मूल परत जाऊ शकते, तर जर्मनीत संसर्ग राहिलेला नाही असा वैद्यकीय निर्वाळा मिळेपर्यंत त्याला पाळणाघरात घेत नाहीत. सांगलीच्या डॉक्टरांकडून निदान, औषधाचे मूळ नाव आणि लावल्याची तारीख लिहिलेला इंग्रजीतला कागद शिक्क्यासह घेतला तर तिकडच्या डॉक्टरांचे काम सोपे होते.

पुरळावर पिवळ्या मधासारख्या खपल्या, पू, लाली पसरणे किंवा ताप दिसला तर त्वचेत जिवाणूंचा संसर्ग झालेला असतो आणि त्याला वेगळे प्रतिजैविक लागते, तेव्हा दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. अशा संसर्गानंतर काही आठवड्यांनी, म्हणजे बहुधा तुम्ही परत गेल्यावर, क्वचित मूत्रपिंडाला सूज येते. मुलाचा चेहरा किंवा डोळ्यांभोवतीचा भाग सकाळी सुजलेला दिसला, लघवी कमी झाली किंवा तिचा रंग काळ्या चहासारखा झाला, तर त्याच दिवशी तिकडच्या डॉक्टरांना गाठावे आणि सांगलीचे कागद पुढे ठेवून त्वचेच्या संसर्गाचा उल्लेख आवर्जून करावा.